ग्रहण अंगणातूनच पाहा



चंद्रग्रहण जवळ आले की खेड्यांतल्या शाळांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, ग्रहण नीट पाहायचे तर कुठे जावे लागेल?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोठे शहर असते, तारांगण असते, घुमटाखालची भलीमोठी दुर्बीण असते. आपले गाव म्हणजे विजेचा लपंडाव, चिखलाचा रस्ता आणि घरात ग्रहणाचे वेध पाळणारी आजी. इथून कसले आले आहे खगोलशास्त्र, असे त्याला वाटते.

माझे मत नेमके उलट आहे. चंद्रग्रहण पाहण्यासाठी गावातल्या घराचे अंगण ही शहरातल्या कोणत्याही जागेपेक्षा चांगली जागा आहे. तरीही त्याच अंगणाचे दार लावून घेऊन आपण ग्रहण चुकवतो, याचे मला नवल वाटते आणि थोडे वाईटही वाटते. म्हणून हा लेख.

आधी अंगणाची बाजू ऐका. पौर्णिमेचा चंद्र इतका तेजस्वी असतो की तो मुंबईच्या गच्चीवरून काय किंवा मेळघाटातल्या पाड्यावरून काय, सारखाच दिसतो. ग्रहणाचा पहिला तास, म्हणजे बिंबाची कड काळवंडून ती काळोखी आत सरकत जाते तो काळ, दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. खरा फरक पडतो तो चंद्र पूर्ण छायेत गेल्यावर. त्या वेळी त्याचा प्रकाश साधारणतः दहा हजार पटींनी किंवा त्याहूनही अधिक उतरतो. शहरात यामुळे काहीच बिघडत नाही. रस्त्यावरचे दिवे तसेच ढणढणत असतात. गावात मात्र सगळे चित्र पालटते. झाडांच्या सावल्या नाहीशा होतात. तासाभरापूर्वी चांदण्यात पुसून गेलेले तारे एकेक करून वर येतात. आकाशगंगेचा पट्टा उमटतो. पौर्णिमा आणि अमावास्या, दोन्ही रात्री एकाच रात्रीत आणि जागचे न हलता पाहायला मिळतात. शिवाय दुर्बीण लागत नाही, काळी काच लागत नाही. सूर्यग्रहणात उघड्या डोळ्यांनी पाहणे धोक्याचे असते. चंद्रग्रहणात तो धोका अजिबात नाही. नेहमीचेच चांदणे, फक्त कमी झालेले. त्याला डोळ्यांनी घाबरायचे कारण काय?

आता अडचणी. पहिली अडचण आकाशातली, दुसरी विजेच्या खांबावरची आणि तिसरी घरातली. तिसरी सर्वांत अवघड, म्हणून तिच्याकडे जरा सावकाश येऊ.

आकाशातली अडचण म्हणजे ढग. गेल्या काही वर्षांत आपल्याकडून दिसण्याजोगी काही मोठी ग्रहणे कधी आली पाहा : २०११ च्या जून महिन्यात, २०१८ च्या जुलै महिन्यात, २०१९ च्या जुलै महिन्यात, २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात. सगळी ऐन पावसाळ्यातली. २७ जुलै २०१८ च्या रात्रीचे ग्रहण तर या शतकातले सर्वांत दीर्घ, खग्रास स्थिती १ तास ४३ मिनिटांची. आणि ती रात्र आषाढी पौर्णिमेची! आषाढातल्या आकाशाकडून आपण फार अपेक्षा ठेवू शकत नाही. पण ढग आहेत म्हणून आठ वाजताच पांघरूण ओढून झोपणे हेही बरोबर नाही. पूर्ण निरभ्र रात्र लागतेच असे नाही. पाच मिनिटांची फट मिळाली तरी छायेची गोल कड दिसते, तिचे चित्र काढता येते. पातळ ढग असतील तर चंद्र दिसला नाही तरी जमिनीकडे पाहा. पौर्णिमेला ढगांतूनही एक राखाडी उजेड झिरपत असतो. वर्तमानपत्राचे मोठे मथळे त्या उजेडात वाचता येतात का, हे दर दहा मिनिटांनी तपासा आणि कोणत्या वेळेला अक्षरे दिसेनाशी झाली ते लिहून ठेवा. हीदेखील ग्रहणाचीच नोंद झाली.

७ सप्टेंबर २०२५ चे ग्रहण आमच्या घाटावरच्या गावी असेच पाहिले गेले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेलेली, सगळे दमलेले. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्राला कड लागायची होती, त्या वेळी आकाश कापूस पिंजल्यासारखे. ११ वाजून १ मिनिटाला खग्रास लागला तो दिसलाच नाही. फक्त समोरचे चिंचेचे झाड होते की नव्हते असे झाले, आणि काळोख पडल्यामुळेच खग्रास लागल्याचे कळले. बारा वाजण्याच्या सुमारास ढगांना दोनदा फट पडली आणि तांबूस, गोल, लोंबणाऱ्या फळासारखा चंद्र दिसला, जवळच शनी. दोन्ही मिळून सात-आठ मिनिटे. शेजारचा आठवीतला मुलगा तेवढ्यात दोन चित्रे काढून मोकळा झाला. खग्रास १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत होता आणि ग्रहण पूर्ण सुटायला १ वाजून २६ मिनिटे झाली. पण तोपर्यंत पावसाची सर आली होती.

खांबावरची अडचण तुलनेने सोपी. अलीकडे गावोगावी पांढऱ्या प्रखर दिव्यांचे खांब आले आहेत, चौकात तर उंच मनोऱ्यावर दिव्यांचा झुबकाच असतो. ते बंद करायला लावण्याच्या भानगडीत पडू नका; रात्री-अपरात्री येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांची गरज असते. घराच्या मागच्या बाजूला, खळ्यावर किंवा गोठ्याच्या आडोशाला जा. खांब घराआड गेला की झाले. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, म्हणून वही पाहण्यासाठी विजेरीच्या काचेवर लाल कागद बांधा. त्या रात्री वीज गेलीच, तर आयुष्यात एकदा तरी वीज कंपनीचे मनापासून आभार माना! मात्र पावसाळ्यात अनवाणी फिरू नका, पायात बूट असू द्या, बसण्याची जागा विजेरीने आधी पाहून घ्या. विंचू-सापांना ग्रहणाचे सोयरसुतक नसते. ओल्या कौलांवर किंवा पत्र्यावर चढण्याची तर मुळीच गरज नाही. चंद्र अंगणातूनही तेवढाच दूर आहे.

आता घरातली अडचण.

घरात पंचांग असते. ग्रहणाच्या दिवशी त्यात पाच शब्द छापलेले आढळतील : स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. प्रत्येकासमोर वेळ दिलेली असते. छायेची कड चंद्राला लागते तो स्पर्श. चंद्र पूर्ण बुडतो ते संमीलन. तो छायेतून पहिल्यांदा डोके वर काढतो ते उन्मीलन. आणि पूर्ण सुटतो तो मोक्ष. शब्द किती नेमके आहेत पाहा. इंग्रजी पुस्तकांतून या वेळांना नुसते क्रमांक दिलेले असतात. या वेळा पंचांगकर्त्याने काढल्या कशा? राक्षसाला विचारून नव्हे. पृथ्वीची छाया किती मोठी, चंद्राची गती किती, त्याची वाट छायेच्या किती वरून किंवा खालून जाते, याचे गणित करून त्या काढलेल्या असतात. पृथ्वीच्या छायेत चंद्र शिरतो म्हणून ग्रहण होते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास स्पष्ट लिहून ठेवले आहे. आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावरच्या नांदगावी राहणाऱ्या गणेश दैवज्ञाने १५२० साली 'ग्रहलाघव' नावाचा ग्रंथ रचला. त्यात त्याने ज्या-कोटिज्यांची कोष्टके न वापरता ग्रहगणित करण्याच्या रीती दिल्या, आणि पुढची कित्येक शतके महाराष्ट्रातली पंचांगे त्यावरून तयार होत राहिली. राहू आणि केतू या गणितातही आहेत. पण तिथे ते दोन बिंदू आहेत : चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते. पौर्णिमेचा चंद्र या बिंदूंच्या जवळपास असला तरच तो छायेत सापडतो.

तेव्हा आजीच्या हातातले पंचांग आणि तुमचे विज्ञानाचे पुस्तक ही दोन परस्परांविरुद्धची पुस्तके आहेत असे समजू नका. पंचांगातल्या वेळा सूर्य-पृथ्वी-चंद्राच्या गणिताच्या आहेत. त्याभोवतीचे नियम माणसांनी बांधलेले आहेत. आजीशी भांडायला जाऊ नका, आणि ग्रहणाच्या रात्री तर नकोच. चार दिवस आधी तिच्याजवळ बसा, पंचांगातली स्पर्शाची वेळ तिच्याकडूनच वाचून घ्या, आणि म्हणा, "आजी, ही वेळ खरी ठरते का ते आपण दोघे मिळून पाहू." पंचांग खरे ठरलेले पाहायला कोणत्या आजीला आवडणार नाही? तिचे स्नान, तिचा जप, तिचे दान तिच्यापाशी राहू द्या. त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

मात्र एका बाबतीत गप्प राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात एखादी वहिनी किंवा ताई गरोदर असेल, तर अनेक घरांतून तिला ग्रहणभर एका खोलीत बसवून ठेवतात. वेध धरून कित्येक तास अन्न नाही, काही ठिकाणी पाणीही नाही, सुरी-विळी हातात धरायची नाही, कूस बदलायची नाही. तिने काही चिरले तर बाळाचा ओठ दुभंगतो, अशी भीती घातलेली असते. आता शरीरशास्त्र काय सांगते ते पाहा. बाळाचा ओठ गर्भाच्या साधारणतः चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो. त्या काळात कित्येक बायकांना आपण गरोदर आहोत हेही नुकतेच कळत असते. सातव्या महिन्यात आलेल्या ग्रहणाने, सांधून पाच महिने झालेला ओठ कसा काय फाटेल? उलट दिवस भरत आलेल्या बाईला इतके तास उपाशी आणि तहानलेली ठेवणे, हे मात्र तिला आणि बाळाला दोघांनाही खरोखर बाधू शकते. तेव्हा तुम्हाला अंगणात जायची परवानगी मिळो वा न मिळो, वहिनीला वेळेवर जेवण आणि पाणी मिळाले पाहिजे, एवढे तरी आईला, आजीला सांगून पाहा. तुमचे ऐकत नसतील तर गावातल्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना दोन दिवस आधी घरी बोलावून आणा. मोठ्यांचे मोठ्यांनी ऐकणे सोपे जाते.

२८ ऑक्टोबर २०२३ ची कोजागरी आठवते का? त्या रात्री १ वाजून ५ मिनिटांनी खंडग्रास ग्रहण लागले आणि २ वाजून २४ मिनिटांनी सुटले. बिंबाच्या व्यासाचा जेमतेम आठवा भाग झाकला गेला. एरवी वर्षातून एकदा सारे घर गच्चीत, अंगणात चंद्राखाली जागते ती हीच रात्र. त्या वर्षी मात्र दूध आटवायचे की नाही, यावरच चर्चा झाली, आणि बरीच घरे लवकर झोपी गेली. चंद्राकडे पाहण्यासाठी असलेल्या रात्री चंद्राकडेच पाहायचे नाही, याला काय म्हणावे?

शिक्षकांशीही मला थोडे भांडायचे आहे. ग्रहणानिमित्त शाळेत दोनपैकी एक गोष्ट होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकृती काढून व्याख्यान, नाही तर उत्साही शाळा असेल तर रात्री मैदानावर सामुदायिक निरीक्षण. पहिल्यात ग्रहणच नसते. दुसऱ्यात मुली नसतात. रात्री अकरा वाजता वाडीवरून शाळेच्या मैदानात मुलीला कोण पाठवणार? अंगणात मात्र ती बसू शकते, सोबत आई, धाकटा भाऊ आणि कुतूहल आवरले नाही तर आजीसुद्धा. म्हणून ग्रहणाचे निरीक्षण घरोघरी व्हावे, आणि शाळेने त्याची तयारी आधीच्या आठवड्यात दिवसाढवळ्या करून घ्यावी.

आणि ती फळ्यावरची आकृती! एका बाजूला सूर्य, मध्ये पृथ्वी, तिच्या खांद्याला खांदा लावून चंद्र. या आकृतीने जितका गोंधळ केला आहे तितका राहूनेही केला नसेल. ती पाहून कोणत्याही विचारी मुलाला वाटते की, ग्रहण दर पौर्णिमेला व्हायला हवे. त्यापेक्षा एक लिंबू घ्या, ४ सेंटिमीटर व्यासाचे. ते काडीला टोचून सकाळच्या उन्हात धरा. ही पृथ्वी. या मापाने चंद्र म्हणजे १.१ सेंटिमीटरचा, मोठ्या वाटाण्याएवढा; आणि तो लिंबापासून किती दूर? १ मीटर २० सेंटिमीटर! पहिल्यांदा हे अंतर पाहून मुले हसतात. आता तेवढ्या अंतरावर, सावलीच्या दिशेला, सूर्याकडे तोंड करून पांढरा कागद धरा. त्यावर लिंबाची छाया पडेल. नीट पाहा : मध्ये गडद गोल, तो ४ सेंटिमीटरचा नाही, सुमारे २.९ सेंटिमीटरचाच आहे. त्याभोवती पुसट कडा. गडद भाग ही प्रच्छाया, पुसट भाग ही उपच्छाया. सूर्य खराच असल्यामुळे सगळी प्रमाणे आपोआप बरोबर येतात. विजेच्या बल्बने ती येत नाहीत. आता हा वाटाणा छायेत धरून पाहा. तो छायेत जातो, पण किंचित हात हलला की बाहेर येतो. चंद्राची वाट सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणजे या मापाने वाटाणा छायेच्या दहा-अकरा सेंटिमीटर वर किंवा खाली जाऊ शकतो. छाया तर तीन सेंटिमीटरचीही नाही. दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही. प्रश्न उरतो तो, ग्रहण होतेच कसे, हा!

या लिंबातून आणखी एक गोष्ट निघते. ४ सेंटिमीटरचे लिंबू, २.९ ची छाया, फरक १.१ चा, म्हणजे एका वाटाण्याएवढा. हा योगायोग नाही. आपल्याला सूर्य आणि चंद्र आकाशात सारख्याच आकाराचे दिसतात, त्यामुळे चंद्राच्या अंतरापर्यंत जाता जाता छाया बरोबर एका चंद्राएवढी बारीक होते. ग्रीक ज्योतिषी ॲरिस्टार्कस याने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी छायेच्या याच आकारावरून चंद्राचे माप काढण्याचा प्रयत्न केला होता. तुम्हीही करू शकता. ग्रहणाआधी एका कागदावर बांगडी ठेवून दहा-बारा वर्तुळे काढून ठेवा. ग्रहण लागले की दर दहा मिनिटांनी एक वर्तुळ घ्या, छायेची कड जशी दिसते तशी त्यात काढा आणि खाली वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी, निम्मा चंद्र झाकला होता त्या वेळचे चित्र घ्या. छायेच्या कमानीवर तीन बिंदू मांडा. तीन बिंदूंतून जाणारे वर्तुळ कसे काढायचे, हे तुम्ही भूमितीत शिकलाच आहात. जिवांचे लंबदुभाजक काढले की केंद्र मिळते. जे मोठे वर्तुळ मिळेल ती पृथ्वीची छाया. तिचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या किती पट आला? तो २.६ च्या आसपास यायला हवा. त्यात १ मिळवा, म्हणजे पृथ्वी चंद्राच्या ३.६ पट आली. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. भागाकार करा आणि चंद्राचा खरा व्यास जो ३,४७४ किलोमीटर, त्याच्याशी ताडून पाहा. बांगडी, पेन्सिल आणि कंपासपेटी यांनी अंगणात बसून चंद्र मोजला गेला. उत्तर थोडे चुकेल; छायेची कड पुसट असते, हात हलतो. चुकू द्या. पण ते उत्तर तुमचे असेल.

मोबाइलबद्दलही येथे सांगून टाकतो. साध्या मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात चंद्र म्हणजे एक पांढरा ठिपका येतो, आणि तो नीट यावा म्हणून मुले सारी रात्र पडद्याकडेच पाहत बसतात. घड्याळासाठी मोबाइल जवळ ठेवा, त्याची वेळ अचूक असते. चित्र काढायला पेन्सिलच बरी. दूरदर्शनवरचे किंवा मोबाइलवरचे थेट प्रक्षेपण अधिक देखणे असते यात शंका नाही, परंतु ते दुसऱ्याने पाहिलेले ग्रहण आहे.

खग्रास स्थितीत एक काम मात्र असे आहे की, जे यंत्रापेक्षा उघड्या डोळ्यांनी सहज होते, आणि ज्याला शास्त्रज्ञ खरोखर किंमत देतात. ते म्हणजे चंद्राचा रंग सांगणे. पूर्ण छायेत गेलेला चंद्र दिसेनासा व्हायला हवा, पण तो तांबडा दिसतो. कारण पृथ्वीभोवतीचे वातावरण सूर्याचा थोडा प्रकाश वाकवून छायेत सोडते. वाटेत त्यातला निळा भाग विखुरला जातो, तांबडा उरतो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत किंवा मावळत असतो, तिथल्या साऱ्या संधिप्रकाशाचा रंग चंद्रावर पडलेला असतो. वातावरण स्वच्छ असेल तर चंद्र उजळ, गढूळ असेल तर काळपट. आंद्रे दांजाँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात यासाठी शून्य ते चार अशी मोजपट्टी सुचवली. तिला मी आपल्या घरातले रंग देतो. मध्यावर चंद्र शोधूनही सापडत नाही, तर शून्य. धुरकट करडा-तपकिरी, तव्याच्या बुडासारखा आणि डाग न ओळखू येणारा, तर एक. गंजलेल्या पत्र्यासारखा गडद, मध्ये काळपट आणि कडेला उजळ, तर दोन. भाजलेल्या विटेसारखा, पिवळसर कडेचा, तर तीन. घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखा, झळझळीत आणि निळसर कडेचा, तर चार. ही निळसर कड दिसली तर नशीब समजा. उंचावरच्या ओझोनच्या थरातून गाळून आलेला तो प्रकाश असतो. ओझोन तांबडा रंग थोडा शोषून घेतो.

या आकड्याला किंमत का? १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि १८८४ च्या ऑक्टोबरमधले ग्रहण विलक्षण काळे दिसले. १९६३ मध्ये बाली बेटावरचा आगुंग फुटला, त्या वर्षीच्या ३० डिसेंबरच्या ग्रहणात चंद्र जवळजवळ नाहीसा झाला. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपीन्समधला पिनातुबो फुटला आणि १९९२ च्या डिसेंबरमधले ग्रहण तसेच काळे गेले. हजारो किलोमीटर दूरच्या पर्वताने आकाशात उधळलेले बारीक कण तुमच्या अंगणातल्या चंद्राचा रंग बदलतात, आणि तो बदल ओळखायला दोन डोळे पुरतात. जुन्या ग्रहणांच्या अशा वर्णनांवरून वातावरणाच्या गढूळपणाचा अंदाज आजही बांधतात. कोणाकडे छोटी द्विनेत्री असेल तर आणखी एक करता येईल : छायेची कड टायको, कोपर्निकस अशा विवरांवर केव्हा पोहोचली त्या वेळा टिपायच्या. १८४२ पासून २०११ पर्यंतच्या अशा बावीस हजारांहून अधिक नोंदी एकत्र करून पृथ्वीची छाया गणितापेक्षा किंचित मोठी का दिसते, याचा अभ्यास झालेला आहे. त्यांतल्या पुष्कळ नोंदी हौशी लोकांच्या होत्या.

नोंद करताना एकच पथ्य पाळा. शेजाऱ्याला आधी विचारू नका. प्रत्येकाने आपापला आकडा आपल्या वहीत लिहावा, मग वह्या एकमेकांना दाखवाव्यात. ढग होते तर "ढग होते" असे लिहा. पुस्तकात आहे म्हणून "तांबडा" लिहू नका. दुसऱ्या जिल्ह्यात मामा, मावशी असतील तर तिथल्या भावंडांनाही नोंद करायला सांगा. सूर्यग्रहणाची वेळ गावागणिक बदलते. चंद्रग्रहण मात्र साऱ्यांना एकाच क्षणी लागते, कारण छाया खुद्द चंद्रावरच पडलेली असते. सावंतवाडी आणि गडचिरोली यांच्या वेळा जुळल्या पाहिजेत. चार-पाच मिनिटांचा फरक आलाच, तर तो कोणामुळे आला, यावर पत्रापत्री करायला छान विषय मिळेल.

आता तारीख लिहून ठेवा : ३१ डिसेंबर २०२८. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे, आणि ऐन हिवाळा असल्यामुळे महाराष्ट्रात आकाश मोकळे असण्याची आशा बरीच आहे. साधारण ८ वाजून ३८ मिनिटांनी स्पर्श, पावणेदहाच्या सुमारास संमीलन, अकराच्या सुमारास उन्मीलन. चंद्र पूर्वेला चांगला वर आलेला असेल, मिथुन राशीत. जवळच मृग नक्षत्र आणि व्याधाचा तारा. खग्रास लागला की मृगाच्या शेजारून जाणारी हिवाळ्यातली फिकट आकाशगंगा दिसते का, ते मुद्दाम पाहा. शहरातली माणसे त्या वेळी नव्या वर्षाच्या रोषणाईत असतील. मोक्ष मध्यरात्र उलटून पाच-सात मिनिटांनी आहे, म्हणजे ग्रहण एका सालात लागून दुसऱ्या सालात सुटेल. वहीत तारीख घालताना शेवटच्या वर्तुळाखाली १ जानेवारी २०२९ घालायला विसरू नका. आणि थंडी असेल, तेव्हा घोंगडे बरोबर घ्या.